दोन टिंबं

वेनियामिन येगोरोविच तेत्योर्किन यांनी सरकारकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे दोन टिंबं. मोठं घर मागितलं नाही, बढती मागितली नाही, समुद्रकाठच्या आरोग्यधामाचा पाससुद्धा मागितला नाही. सगळी नोकरी एका कारखान्यात गेली, पण साहेबाच्या दाराशी ते कधी ताटकळत उभे राहिले नाहीत. तेव्हा निवृत्तीनंतर मागून मागून दोन टिंबं मागितली, तर त्यात कुणाच्या बापाचं काय जाणार होतं? शिवाय हा त्यांच्याच बापाचा प्रश्न होता.

प्रकरण असं होतं. रशियन लिपीत 'ये' नावाचं एक अक्षर आहे. त्याच्या डोक्यावर दोन टिंबं दिली की त्याचा 'यो' होतो. आता ही टिंबं देण्याची सक्ती नाही. शाळकरी पोरं सोडली तर ती कुणी देतही नाही. लिहिणारा कंटाळा करतो आणि वाचणारा समजून घेतो. ओळखीचा माणूस समजून घेतो, पण परका माणूस तेत्योर्किनला बेधडक 'तेतेर्किन' म्हणून मोकळा होतो.

वेनियामिन येगोरोविचचे वडील, येगोर तेत्योर्किन, या बाबतीत फार कडक होते. धार लावायच्या दगडाचं एक नवं मिश्रण त्यांनी भट्टीखात्यात जमवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना भर सभेत पदक मिळायचं होतं. वरून आलेल्या पाहुण्यांनी कागदावर पाहून पुकारलं, "कॉम्रेड तेतेर्किन!" येगोर तेत्योर्किन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसून राहिले. पाहुण्यांनी पुन्हा पुकारलं. येगोर तेत्योर्किननी मागं वळून पाहिलं, की हा कोण तेतेर्किन उठत कसा नाही. शेवटी पदक पाहुण्यांबरोबर परत गेलं आणि पुढं कधीतरी टपालानं आलं. पाकिटावर तेतेर्किनच होतं, त्यामुळे ते बरेच दिवस न उघडता कपाटावर पडून होतं.

म्हातारा गेल्यावर गावानं त्याच्या राहत्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. निळी पाटी लागली, पांढरी अक्षरं आली, आणि टिंबं मात्र आली नाहीत. हयातभर ज्या गोष्टीची चीड बाळगली तीच म्हाताऱ्याच्या घराच्या भिंतीवर खिळे मारून बसवली गेली. मुलगा त्याच घरात राहत होता. रोज पाव आणायला निघताना त्याला ती पाटी दिसायची, आणि पाव घेऊन येतानाही दिसायची. पुढं मोबाईलमधून रस्ता सांगणारी बाई आली, आणि तीही दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला गोड आवाजात सांगू लागली, "तेतेर्किन मार्गावर उजवीकडे वळा."

"एवढंच ना?" शेजारचा झुयेव म्हणाला. तेत्योर्किन यांना तो बापाच्या नावावरून 'येगोरिच' म्हणे. झुयेवचं गॅरेज समोरच होतं आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्या गॅरेजमध्ये एखादा डबा सापडायचा. "हा घे पांढरा रंग, हा ब्रश, ती शिडी. चढ, दोन ठिपके दे आणि खाली ये. सूप गार व्हायच्या आत काम होतंय, येगोरिच."

"सरकारी पाटी आहे ती," तेत्योर्किन म्हणाले. "आपण रीतसर अर्ज करू."

"वेन्या, अर्ज करू नकोस," त्यांची बायको रिम्मा फ्योदोरोव्ना आतून म्हणाली. ती स्वयंपाकघरात कोबी चिरत होती आणि चिरायची थांबलीसुद्धा नाही. "मागच्या वेळी नळासाठी अर्ज केलास, तर नळ होता तोही काढून नेला."

पण तेत्योर्किन तत्त्वाचे पक्के होते. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला आणि नगर प्रशासनाच्या कचेरीत गेले.

सुशोभन विभागाच्या प्रमुख स्नेझाना वालेर्येव्ना तरुण होत्या, नम्र होत्या, आणि त्यांच्या टेबलावर निवडुंगाच्या कुंड्या होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, हीच मोठी गोष्ट.

"वेनियामिन येगोरोविच, आपलं म्हणणं मला मनापासून पटतं. पण एका पाटीसाठी फाईल उघडता येत नाही."

"मग किती पाट्यांसाठी उघडता येते?"

"तसा आकडा नाही. पण बघा, या वर्षीच्या कामांत आम्हाला 'सुलेखन आणि संस्कृती' या सदराखाली काहीतरी दाखवायचंय, आणि दाखवायला काहीच नाही. आपण जर सर्वसाधारण मागणी केलीत..."

तेत्योर्किन यांना आपली मागणी देशाच्या कामाची आहे हे इतके दिवस वाटतच होतं. त्यांनी तिथंच बसून नवा अर्ज लिहिला. 'नगराच्या हद्दीतील सर्व सार्वजनिक लेखनात, जेथे जेथे योग्य असेल तेथे तेथे, टिंबे देण्यात यावीत.' 'सर्व' हा शब्द त्यांनी स्वतःच्या खुशीनं अधोरेखित केला. या अधोरेखनाबद्दल पुढं रिम्मा फ्योदोरोव्ना त्यांना जेवताना, झोपताना आणि पाहुण्यांसमोर बरंच काही बोलली, पण ते पुढं.

आता गावाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढच्या अनर्थाची गोडी कळायची नाही. उरलच्या त्या टापूत गावाचं नाव आणि गावाचा धंदा यांची सहसा फारकत नसते. सोलिकाम्स्कच्या नावात मीठ आहे, मग्नितोगोर्स्कच्या नावात चुंबकाचा डोंगर आहे, आस्बेस्तला तर आस्बेस्तॉसपलीकडे नावच नाही. तसं या गावाच्या पोटात धारेचा दगड. सुरीपासून विळ्यापर्यंत ज्याच्यावर घासतात त्या दगडाला रशियनमध्ये म्हणतात 'ओसेलोक', म्हणून गाव ओसेल्कोवो. आधी इथं डोंगरातून दगड काढून विकायचे, मग कारखाना आला आणि दगडाची चाकं होऊ लागली. ओसेल्कोवोच्या दगडावर धार लावलेल्या सुरीनं पाव कापताना आवाज होत नाही, असं गावात सांगतात. तेत्योर्किन हे पाहुण्यांना कापून दाखवायचे.

मंजुरी आली, आणि संशय यावा इतक्या लवकर आली. टिंबांचं कंत्राट बाहेरच्या एका माणसाला मिळालं. त्यानं पहिल्याच दिवशी तेत्योर्किन मार्गाची पाटी काढून नवी लावली. निळ्यावर पांढरी, ठळक, दोन गोल टिंबं. तेत्योर्किन समोरच्या फुटपाथवर टोपी काढून उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "तेत्योर्किन." त्या संध्याकाळी खिम्याच्या पेल्मेनी उकडल्या, खारवलेली अळंबी निघाली, झुयेवनं घरचं रानबेरींचं मद्य आणलं, आणि पहिला पेला म्हाताऱ्याच्या फोटोपुढं ठेवून झाला. रिम्मा फ्योदोरोव्नानंसुद्धा कबूल केलं की अर्जाचा उपयोग होतो, कधीकधी.

पण कंत्राटदार थांबला नव्हता. 'जेथे जेथे योग्य असेल तेथे' या वाक्याचा अर्थ त्यानं 'जेथे जेथे शंका येईल तेथे' असा घेतला होता, आणि परगावचा असल्यामुळं त्याला सगळीकडेच शंका येत होती. 'ख्लेब', म्हणजे पाव, विकणाऱ्या दुकानावर 'ख्ल्योब' आलं. 'अप्तेका', म्हणजे औषधाचं दुकान, तिची 'अप्त्योका' झाली. म्हाताऱ्या बायका तिथं जाऊन विचारू लागल्या, की हे नवं औषध कशावर चालतं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण हायवेवर, गावात शिरायच्या तोंडाशी, गावाचं नाव माणसापेक्षा उंच सिमेंटच्या अक्षरांत उभं होतं. कंत्राटदार तिथं पोचला. एवढ्या मोठ्या अक्षराला टिंबंही तेवढीच हवीत म्हणून त्यानं कारखान्याच्या भांडारातून नापास झालेली दोन दगडी चाकं मागून घेतली. कशाला हवीत हे भांडारात कुणी विचारलं नाही. पावतीवर सही होती, म्हणजे झालं. चाकं लोखंडी गजांवर बसवून 'ये'च्या डोक्यावर चढली, आणि ओसेल्कोवोचं ओस्योल्कोवो झालं.

'ओस्योल' म्हणजे गाढव.

ज्या गावात सगळी माणसं एकमेकांना ओळखतात, तिथं ही टिंबं कुणाच्या अर्जावरून आली हे शोधायला वेळ लागत नाही. बाजारात काकडीवालीनं रिम्मा फ्योदोरोव्नाला वजन करता करता विचारलं, "तुमचेच ना हो ते, टिंबंवाले?" रिम्मा फ्योदोरोव्ना काकड्या तिथंच ठेवून घरी आली.

"आता बाजार तू करायचा, वेन्या," ती म्हणाली. "मी गाढवाच्या गावची टिंबीण म्हणून फिरणार नाही."

झुयेवला तर सणच होता. "येगोरिच, गवत टाकू का?" असं गॅरेजमधून ओरडल्याशिवाय त्याची सकाळ होत नसे. शेजारच्या गावची फुटबॉलची पोरं सामना खेळायला आली ती गाजरं घेऊन. जाणाऱ्या गाड्या त्या अक्षरांशी थांबू लागल्या. माणसं उतरून अक्षराला टेकायची, कानांशी हात नेऊन हलवायची, फोटो काढायची आणि जायची. एका रविवारी कुणीतरी खरंखुरं गाढव आणून तिथं बांधलं. गाढव देखणं होतं, पण त्याचा तेत्योर्किन यांना आनंद झाला नाही.

ते कोट घालून पुन्हा कचेरीत गेले. या वेळी खिशात धारेचा एक दगड पुरावा म्हणून घेतला होता.

"स्नेझाना वालेर्येव्ना, हा ओसेलोक. यावरून ओसेल्कोवो. यात गाढव येतं कुठून?"

स्नेझाना वालेर्येव्नांनी दगड हातात घेतला, उलटसुलट केला आणि निवडुंगाशेजारी ठेवला. "मला पटतं. पण नावाच्या उगमाचा प्रश्न आल्यामुळं आम्हाला तज्ज्ञांचं मत घ्यावं लागलं. ते आलंय. त्यांचं म्हणणं, गावच्या पहिल्या रहिवाशाचं टोपणनाव 'ओस्योल' असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"नाकारता येत नाही? मी नाकारतो ना!"

"आपण तज्ज्ञ आहात का?"

"मी इथं जन्मलोय!"

"जन्म हा पुरावा धरत नाहीत," त्या हळहळून म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, वेनियामिन येगोरोविच, इतक्या वर्षांत आपल्या गावाशी कुणी गाडी थांबवली नव्हती."

तेत्योर्किन दगड परत घ्यायला विसरले आणि तसेच बाहेर पडले. रीतसर मार्गाची हद्द झाली असं त्यांनी ठरवलं. झुयेवची शिडी, पाना आणि तेलाचा डबा घेऊन ते भर दुपारी हायवेवर गेले. भर दुपारी अशासाठी, की आपण चोर नाही हे जगाला दिसावं. ते जगाला फारच दिसलं. फोटोवाल्यांची रांग लागली होती. शिडीवरच्या माणसाला कुणी म्हणालं, "काका, जरा डावीकडे सरका, फ्रेममध्ये येताय." कुणी म्हणालं, "काका, आता वर आहातच तर आमचा एक काढा ना." तेत्योर्किन यांनी पाना दातांत धरून तीन कुटुंबांचे फोटो काढले. नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. नट मात्र हलेना. ओसेल्कोवोच्या कारखान्यातलं काम ते, नापास चाकसुद्धा जागा सोडत नाही. मनात कुठंतरी त्यांना अभिमानही वाटला, आणि त्याच वेळी खाली वाहतूक पोलिसाची गाडी थांबली.

पोलीस भला माणूस होता. त्यानं त्यांना हात देऊन खाली उतरवलं, पाण्याची बाटली दिली आणि बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. "इथं सही करा, आजोबा, म्हणजे समज देऊन सोडतो."

तेत्योर्किन यांनी चष्मा लावला. "सही करता येणार नाही."

"का?"

"इथं तेतेर्किन लिहिलंय. मी तेत्योर्किन. टिंबं द्या."

पोलिसानं वर अक्षराकडं पाहिलं, मग शिडीकडं, मग तेत्योर्किन यांच्याकडं. "टिंबं काढताना पकडलं मी तुम्हाला. आणि तुम्ही माझ्याकडंच टिंबं मागताय?"

"ती चुकीची. ही बरोबर."

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसानं टिंबं दिली. त्या पंचनाम्याचा फोटोही गावभर फिरला, आणि त्यानंतर लहान पोरंसुद्धा तेत्योर्किन यांना पाहून "टिंबं द्या!" म्हणू लागली.

इथवर सगळी अब्रूची गोष्ट होती. अब्रू गेली तरी माणूस पाव आणायला जातो, बटाटे खणतो, चालवून घेतो. पण मग कारखान्याचा माल परत आला. खोक्यांवर छाप होता ओसेल्कोवोचा आणि नगर प्रशासनाच्या नव्या दाखल्यांवर होतं ओस्योल्कोवो. गिऱ्हाइकाच्या कचेरीत कुणीतरी बोट ठेवलं, की ही दोन वेगळी गावं दिसतात, तर माल नक्की कुठला? मग दुसऱ्या गिऱ्हाइकानंही विचारलं. कारखान्यानं दुसऱ्या पाळीला सांगितलं, नावाचा घोळ मिटेपर्यंत घरी बसा.

झुयेवची सून दुसऱ्या पाळीत होती. त्या सकाळी गॅरेज उघडलं, झुयेवनं मान वर करून पाहिलं, आणि गवताबद्दल तो काही बोलला नाही. तेत्योर्किन यांना ते लागलं. चेष्टेनं ते रोज चिडत होते, पण ती बंद झाल्यावर त्यांना घरातून बाहेर पडवेना.

"जा, वेन्या," रिम्मा फ्योदोरोव्ना म्हणाली. तिनं स्वतः त्यांचा कोट झटकून हातात दिला. "काय करायचं ते कर, पण मिटव आता."

स्नेझाना वालेर्येव्नाही या वेळी हसल्या नाहीत. त्यांना वरून फोन आले होते. "एकच वाट आहे. हा सगळा आदेश आपल्या अर्जावर उभा आहे. आपण अर्ज मागे घेतलात तर आदेश रद्द होतो. मग सगळी टिंबं उतरवता येतील."

"सगळी?"

"सगळी."

"एक पाटी राहू द्या," तेत्योर्किन म्हणाले. "एकच. माझ्या वडलांची. तिथं टिंबं बरोबर आहेत."

स्नेझाना वालेर्येव्नांनी निवडुंगाची कुंडी उगाच सरळ केली. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपत नव्हतं. "वेनियामिन येगोरोविच," त्या म्हणाल्या, "एका पाटीसाठी फाईल..."

"उघडता येत नाही. माहीत आहे."

स्नेझाना वालेर्येव्नांनी छापलेला कागद पुढं केला. वर नाव होतं, अर्जदार तेतेर्किन वे. ये. तेत्योर्किन यांनी ते वाचलं. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला बाप त्यांना समोर दिसला, आणि त्याची नजर काही मायेची नव्हती. मग त्यांनी झुयेवच्या गप्प गॅरेजचा विचार केला, खाली वाकून सही केली, आणि टिंबांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

उतरवायला तोच कंत्राटदार आला, आणि उतरवण्यात त्याला कुठंही शंका आली नाही. हायवेवरची चाकं गॅसनं कापून काढावी लागली. पाव पुन्हा पाव झाला, औषधाचं दुकान जाग्यावर आलं, दुसरी पाळी सुरू झाली. तेत्योर्किन मार्गाची पाटी काढून जुनीच परत ठोकली, त्याच भोकांत. रिम्मा फ्योदोरोव्नानं त्या दिवशी न सांगता पेल्मेनी केल्या, पण तेत्योर्किन यांना गेल्या नाहीत. पुढं कितीतरी दिवस ते पाव आणायला मागच्या गल्लीतून जात होते.

अशात एकदा दातांच्या डॉक्टरकडून परत यायला त्यांनी मिनीबस पकडली. गाडी रिनात ड्रायव्हरची होती, भरलेली होती. तेत्योर्किन कोपऱ्यातल्या सीटवर टोपी डोळ्यांवर ओढून बसले. गाडीत ज्याला उतरायचं असेल त्यानं स्टॉपचं नाव ओरडायचं, म्हणजे रिनात थांबवतो. पुढं बसलेली एक परगावची बाई हातातल्या मोबाईलकडं बघून म्हणाली, "तेतेर्किन मार्गावर थांबवाल का?"

मग मागून काकडीवाली ओरडली, "तेत्योऽऽर्किन!"

"तेत्योऽऽर्किन, बाई, तेत्योऽऽर्किन!" दुसऱ्या पाळीच्या पोरी एका सुरात म्हणाल्या. एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. "यो! यो म्हणा! टिंबं द्या!" सगळी गाडी हसायला लागली. एक लहान मुलगी आईच्या मांडीवर उभी राहून "यो, यो" करत नाचू लागली. ती बाई बावरली आणि तिनं निमूटपणे म्हटलं, "बरं बाई, तेत्योर्किन."

"हां, आता थांबवतो," रिनात म्हणाला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि चेष्टेचा सगळा मसाला घालून, रस्त्याच्या त्या टोकापर्यंत जाईल अशी आरोळी ठोकली, "तेत्योऽऽऽर्किन मार्गऽऽ!"

बाई उतरली. काकडीवाली उतरली. तेत्योर्किन कोपऱ्यात तसेच बसून होते. टोपी हातात होती, आणि डोळे पुसायला ती फारशी सोयीची नव्हती.

रिनातनं आरशातून मागं पाहिलं. "येगोरिच, उतरा की. तुमच्या वडलांचा स्टॉप आला."

"उतरतो," तेत्योर्किन म्हणाले. "एकदा परत ओरड."